सोळा अंश एक्कावन्न मिनिटं

मैंदर्गी,
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय प्रभा मॅडम,

कशा आहात? गुडघा आता थोडा तरी बरा असेल. रविवारी दार उघडायला आलात तेव्हा भिंतीला धरून चालत होतात, ते बघून बरं वाटलं नाही. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपार मोकळी मिळाली आणि लिहायला बसले.

माझं ठीक चाललंय. नववी-दहावीचं विज्ञान आणि आठवीचं गणित माझ्याकडे आहे. पोरं घरी कन्नड बोलतात, वर्गात मराठी, आणि माझ्यावर चिडली की परत कन्नड. पहिल्या वर्षी मला काहीच कळायचं नाही, आता शिव्या तेवढ्या कळतात. बाकीचे शिक्षक अक्कलकोटहून एस.टी.ने ये-जा करतात. मी इथेच खोली घेतली आहे. घरमालकीण चांगली आहे, फक्त रोज विचारते, लग्न कधी.

रविवारी मी अर्धा कप चहा तसाच ठेवून उठले. गाडी चुकेल म्हणाले. गाडीला अजून पाऊण तास होता. त्याबद्दल लिहिणार आहे, पण एकदम तिथे नको.

दिग्विजयचे तीन फोन येऊन गेले. आमच्या वर्गातला दिग्विजय आज तुमच्याच विभागात शिकवतो याचं मला अजून नवल वाटतं. तीस तारखेच्या तुमच्या निवृत्ती समारंभाचा गौरव अंक त्याच्याकडे आहे. "तुझं एक पान पाहिजेच की. मॅडमची लाडकी तू," असं म्हणाला. मी चार वेळा लिहायला घेतलं. चारही वेळा सुरुवात छान झाली. मंगळवेढ्याहून आलेली मी, स्पेक्ट्रोमीटर हे नावसुद्धा अडखळत म्हणायची. तुम्ही माझी बोटं धरून स्क्रूवर ठेवलीत आणि म्हणालात, "दाबू नकोस. तू आलीयेस एवढं त्याला कळू दे, बास." मग रविवारी हॉस्टेलवरून तुमच्या घरी जेवायला येणं, तुमच्या हातची शेंगाचटणी. आणि दुसऱ्या वर्षाची ती उन्हाळ्याची सुट्टी.

तेव्हा तुमची पीएच.डी. संपत आली होती आणि चष्म्याचा नंबर वाढला होता. व्हर्निअरच्या बारीक मोजपट्टीची कुठली रेघ कुठल्या रेघेला जुळते ते तुम्हाला दिसत नव्हतं. दोन महिने मी वाचत होते आणि तुम्ही लिहीत होतात. "मिनिटं, ऋतुजा?" "एक्केचाळीस, मॅडम." तुम्ही लिहून घ्यायच्या, पुन्हा विचारायच्या नाहीत. बाहेरून आलेल्या एका सरांनी विचारलं होतं, "या मुलीच्या वाचनावर विसंबता तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "माझ्यापेक्षा जास्त." मी कोपऱ्यात उभी होते. हॉस्टेलवर परत जाताना मी ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत गेले होते.

इथपर्यंत पान चारही वेळा आलं. याच्यापुढे मार्च २०१७ येतो, म्हणून पुढे गेलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर आठवडी बाजारात मला एका म्हाताऱ्या माणसाने हाक मारली. "तुमी लॅबमदल्या ऋतुजाताई न्हवं?" आपले शिवप्पामामा. मला माहीतच नव्हतं की ते मैंदर्गीचे. आपल्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून, निवृत्त होऊन गावी परतलेत. हट्टाने घरी घेऊन गेले. त्यांची बायको सुंदरम्मा कन्नडच बोलते, तिने न विचारता समोर चहा आणि चिवडा ठेवला. इकडचं तिकडचं झालं. मग मामांनी विचारलं, "पुढं एम.एस्सी. केली का न्हाय?"

मी म्हटलं, "नाही मामा. प्रॅक्टिकलला नापास झाले होते ना, वर्ष गेलं. मग बी.एड. केलं."

त्यांनी बशी खाली ठेवली. "ग्रेटिंगलाच न्हवं?"

"हो."

"माझ्यामुळं गेलं की ओ तुमचं वरीस."

परीक्षेच्या चार दिवस आधी पुसताना ग्रेटिंगची, बारीक रेघा कोरलेली काच त्यांच्या हातून निसटली आणि फुटली. खालच्या कप्प्यात त्याच मापाची एक जुनी काच होती, ती त्यांनी त्याच डबीत घातली. डबीवर लेबल तेच, एका इंचात पंधरा हजार रेघांचं. जुन्या काचेच्या कागदावर वेगळा आकडा होता, एवढं मामांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्याच दुपारी ते तुमच्याकडे आले.

मी विचारलं, "मॅडम काय म्हणाल्या?"

"डबी हातात घिऊन बगितली. म्हनल्या, राहू दे शिवप्पा, आत कोण बघतंय? पोरं उत्तर पाठ करून येतात. मी म्हनलं, लेबल तरी बदलू का? तर म्हनल्या, जर्नलमदी सगळ्यांनी पंधरा हजार लिवलंय, आता नको." मग बशी पुन्हा उचलली आणि म्हणाले, "तुमी नापास झाल्या, तवा मला वाटलं मॅडमनी तुमाला मागनं सांगितलं आसंल."

तुम्ही मला मागून काहीही सांगितलं नाहीत, मॅडम.

पुढचं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी मी क्रमाने लिहिणार आहे. आठ वर्षांत मी ते कुणाला क्रमाने सांगितलेलं नाही.

परीक्षेत प्रयोगाची चिठ्ठी उचलली तेव्हा मला आनंद झाला होता. ग्रेटिंगने सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढणे. जानेवारीत मी हाच प्रयोग केला होता आणि पिवळी रेघ वीस अंश बावीस मिनिटांवर मिळाली होती. दिवा लावला. आधी गुलाबी, मग सावकाश पिवळा झाला. काच प्रकाशाला काटकोनात बसवली, तुम्ही शिकवलं होतं तशी, घाई न करता. स्पेक्ट्रोमीटरची दुर्बीण वीस अंशांवर नेली. तिथे काळोख होता. हळूहळू मागे आणली, तर पिवळी रेघ सोळाच्या पुढे उभी. स्वच्छ, सुईसारखी. दुसऱ्या बाजूलाही तिथेच. सोळा अंश एक्कावन्न मिनिटं.

मला वाटलं, बसवण्यात चूक झाली. सगळं मोडून पुन्हा मांडलं. तेच. तिसऱ्यांदा मांडलं, तेच. दोन तास त्यात गेले. डबीवरचे पंधरा हजार धरून तरंगलांबी आली चार हजार नऊशे आठ अँगस्ट्रॉम. पाच हजार आठशे त्र्याण्णव यायला हवी, हे वर्गातल्या सगळ्यांना पाठ होतं. चार हजार नऊशेचा प्रकाश निळसर हिरवा असतो, आणि माझ्यासमोर तर पिवळी रेघ होती. त्या तीन दिवसांत हा प्रयोग सात जणांना आला. बाकी सहा जणांनी वीस अंश बावीस मिनिटं लिहिली. त्याच दिवशी सकाळच्या बॅचचा दिग्विजय चाळीस मिनिटांत वाचन संपवून हसत बाहेर आला होता. मलाही लिहिता आलं असतं. पण तुम्ही पहिल्या वर्षापासून सांगत आला होतात, दिसेल ते लिहायचं. मी दिसलं ते लिहिलं.

बाहेरून आलेले परीक्षक पेपर बघून हसले. "सोलापुरात सोडियमचा दिवा निळा लागतो का हो?" तुम्ही त्यांच्या शेजारी उभ्या होतात. मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं, तुम्ही निदान म्हणाल, सर, एकदा दुर्बिणीतून बघून घेऊ. ती रेघ तेव्हाही तिथेच होती. दिवा चालू होता. दोन पावलांवर.

तुम्ही पेपरकडे बघत म्हणालात, "मुलगी हुशार आहे सर, पण हिची घाई होते."

दुसऱ्या प्रयोगाला वेळच उरला नाही. चार गुणांनी नापास झाले. लेखी परीक्षेत मी कॉलेजात पहिली होते.

शिवप्पामामांकडून घरी आले आणि मोबाइलवरच गणित केलं. डबीवरचा आकडा सोडून दिला. पिवळा प्रकाश पाच हजार आठशे त्र्याण्णव, हे जगाला माहीत आहे. कोन माझा. मग एका इंचात रेघा किती? उत्तर आलं बारा हजार चारशे चौऱ्याण्णव. बारा हजार पाचशेची ग्रेटिंग सर्रास मिळतात. म्हणजे माझं वाचन एका मिनिटाच्या आत बरोबर होतं.

एवढंच गणित होतं, मॅडम. एक ओळ. आठ वर्षांत मी ते एकदाही केलं नाही. मी आधीच ठरवून टाकलं होतं की चूक माझी आहे. तुम्ही म्हणाला होतात ना, घाई होते. तुम्ही म्हणालात म्हणजे तसंच असणार.

तुम्ही का बोलला नाहीत, याचाही आता अंदाज येतो. काच बदललीय असं तुम्ही म्हणाला असतात, तर परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारलाच असता. मग बाकी सहा जणांना या काचेत वीस अंश कसे दिसले? त्या सहा जणांच्या जर्नलवर तुमच्या सह्या होत्या. सहा जण आणि विभाग एका बाजूला, मी एकटी दुसऱ्या बाजूला. हे मला कळतं. मला कळत नाही ते त्याच्या पुढचं.

निकालाच्या दिवशी मी तुमच्या केबिनमध्ये येऊन रडले. तुम्ही दार लावलंत, पाणी दिलंत. एम.एस्सी.चं विचारलं तर म्हणालात, "प्रत्येकाचा हात प्रयोगाला बसत नाही, ऋतुजा. त्यात कमीपणा नाही. तू बी.एड. कर, उत्तम शिक्षिका होशील." माझ्या हाताबद्दल हे तुम्ही म्हणालात. ज्याच्या वाचनावर तुमची पीएच.डी. उभी आहे त्या हाताबद्दल. परीक्षेच्या टेबलाशी माणूस घाबरतो, तोंडून काहीही निघतं, हे मी समजून घेतलं असतं. पण केबिनमध्ये दार लावलेलं होतं. तिसरं कुणी नव्हतं. तिथे तुम्हाला कुणाची भीती होती?

मी उत्तम शिक्षिका झाले, हेही खरं आहे. मला शिकवायला आवडतं. त्यामुळे आयुष्य वाया गेलं असंही मला म्हणता येत नाही, आणि तुम्ही माझं भलं केलंत असंही म्हणता येत नाही. पेपर तपासले की गुणांची बेरीज मी तीनदा करते आणि तरी दुसऱ्या बाईंना एकदा बघायला सांगते. त्या हसतात. बरोबरच असते दरवेळी.

आता रविवारचं. मी गौरव अंकासाठी आले नव्हते. विचारायलाच आले होते. टेबलावर निमंत्रण पत्रिकांचा गठ्ठा होता, तुम्ही पत्ते घालत होतात. मी विचारलं, "मॅडम, माझ्या परीक्षेतलं ग्रेटिंग आठवतं का? डबीतली काच बदलली होती म्हणे."

तुम्ही म्हणालात, "कुठलं ग्रेटिंग गं? इतक्या वर्षांत किती परीक्षा झाल्या." आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. विसरल्या असतील तर विसरल्या. माणूस विसरतं. मी मनात तुम्हाला माफसुद्धा करून टाकलं.

मग चहा ओतताना तुम्ही म्हणालात, "आणि सोळा अंशांवर काही आयुष्य अडत नाही, ऋतुजा."

सोळा हा आकडा मी उच्चारला नव्हता, मॅडम. त्या दिवशी नाही आणि त्याआधीही तुमच्यापुढे कधीच नाही. त्या एका पेपरवर तो होता, आणि तुमच्या लक्षात होता. आठ वर्षं. मी कप खाली ठेवला आणि गाडीचं निमित्त केलं.

एक गोष्ट मी अजून टाळते आहे. ती तुमच्या वाट्याची नाही, माझ्या वाट्याची आहे.

ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत मला पुन्हा तोच प्रयोग आला. मी दिवा लावला, काच बसवली, दुर्बिणीत बघितलं. रेघ पुन्हा सोळावरच उभी होती. मी ती बघितली, आणि कागदावर लिहिलं वीस अंश बावीस मिनिटं. दोन्ही बाजूंची, दोन्ही व्हर्निअरची खोटी वाचनं मागून काढून, जरा इकडेतिकडे करून, खरी वाटतील अशी. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात, तक्ता वाचलात आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात. "आता कसं! शिकलीस."

तुमच्या डोळ्यांत खरंच समाधान होतं. मला तेव्हा वाटलं, मी सुधारले म्हणून तुम्हाला बरं वाटलं. माझ्या आयुष्यातली पहिली लबाडी तुमच्यासमोर झाली आणि तुम्ही पाठ थोपटलीत. ती लबाडी आहे हे त्या खोलीत आपल्या दोघींनाच माहीत होतं. फक्त तुम्हालाही माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी दादांना फोन करून सगळं सांगितलं. माझ्या वडिलांना, दादांना, तुम्ही एकदा भेटला आहात, मंगळवेढ्याच्या एस.टी. डेपोत होते ते. तुमच्याकडे हुरडा घेऊन आले होते. निकाल लागला तेव्हा ते पहिल्या गाडीने सोलापूरला आले होते, ते मात्र तुम्हाला माहीत नाही. कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून मला म्हणाले, "ऋतू, तू बगितलंस तेच लिवलंस ना? एवढं हो म्हन. मग मी प्राचार्यांशी भांडतो." मी म्हटलं, "नाही दादा, माझंच चुकलं." ते तसेच परतीच्या गाडीत बसले. सोमवारी त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तवा तू न्हाय म्हनलीस म्हनून मी मागं फिरलो की गं."

तुमच्यावर माझा जेवढा विश्वास होता तेवढा त्यांचा माझ्यावर होता. मी तुमच्या शब्दाखातर त्यांना माघारी पाठवलं.

बुधवारी मी दिग्विजयला त्या डबीतली काच लावून बघायला सांगितली. कारण सांगितलं नाही. संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. दोन बाजूंमधलं अंतर तेहतीस अंश बेचाळीस मिनिटं. निम्मे केले की सोळा एक्कावन्न. डबीवर आजही पंधरा हजारच लिहिलेलं आहे. मग त्याचा फोन आला. आधी गौरव अंकाचंच बोलत राहिला. "ऋतुजा, मी तेव्हा दुर्बिणीत डोळाच लावला नव्हता गं. जर्नलमधलं उतरवलं." मी म्हटलं, मला माहीत आहे. त्याने विचारलं, लेबल तीस तारखेनंतर बदललं तर चालेल का, आत्ता विभागात वातावरण असं आहे. मी म्हटलं, परीक्षा तुझ्या पोरांची आहे, तू ठरव. त्याने काय केलं ते मला ठाऊक नाही.

गौरव अंकात माझं पान नसेल. समारंभाला मी येणार नाही, आणि तिथे कुणी उभं राहून हे बोलावं अशी व्यवस्थाही मी केलेली नाही. येणारे सगळे तुमच्यावरच्या प्रेमाने येतील, आणि त्यांना तसं कारणही असेल. मलाही होतं. हे पत्र फक्त तुम्हाला आहे. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. दिलंत, तर मला आठवत नाही असं मात्र लिहू नका.

एकच राहिलं. रविवारी दारातून निघताना मी वाकून तुमच्या पाया पडले. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. जे ऐकायचं ते तोवर मी ऐकलं होतं, तरी वाकले. दहा वर्षांची सवय, शरीर आपोआप वाकलं. बसमध्ये बसल्यावर माझं मलाच कळलं आणि अक्कलकोट येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

तो एक नमस्कार मी परत घेते आहे, मॅडम. त्याच्या आधीचे, अगदी पहिल्या वर्षापासूनचे, तुमच्याकडेच राहू द्यात. ते मी मनापासून केले होते.

ऋतुजा कुंडलिक लेंडवे